किर्स्टन सिनेमा पुन्हा निवडणुकीला का उभ्या राहिल्या नाहीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातल्या सिनेटर किर्स्टन सिनेमा यांनी २०२४ साली दुसऱ्या टर्मसाठी उभं न राहण्याचा निर्णय घेतला. 'आपलाच पक्ष सोडून गेलेली बाई' इतपत ओळख बहुतेकांना असते. पुढचे प्रश्न आले की मात्र माहिती तुटक मिळते. म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

नेमकं काय घडलं आणि कधी?

५ मार्च २०२४ रोजी सिनेमा यांनी एक छोटी चित्रफीत प्रसिद्ध केली आणि वर्षअखेरीस आपण सिनेट सोडणार असल्याचं सांगितलं. त्यांची ती पहिलीच टर्म होती आणि वय ४७. सिनेटमध्ये हे वय तरुणच मानलं जातं. तिथे सत्तरी ओलांडलेले सदस्य सहज दिसतात. सहा वर्षं झाल्यावर एवढ्या लवकर सहसा कोणी आपणहून बाजूला होत नाही. त्यामुळे हा निर्णय निवृत्तीपेक्षा माघार म्हणूनच पाहिला गेला.

सिनेटर म्हणजे आपल्याकडच्या राज्यसभेच्या खासदारच ना?

टर्मपुरतं साम्य आहे. दोन्हीकडे सहा वर्षं, दोन्हीकडे दर दोन वर्षांनी एक तृतीयांश जागा मोकळ्या होतात. पुढे फरक सुरू होतो. राज्यसभेवर आमदार निवडून देतात. अमेरिकेत १९१३च्या १७व्या घटनादुरुस्तीपासून सिनेटर थेट जनतेच्या मतांवर निवडून येतात. महाराष्ट्राला राज्यसभेत १९ जागा आहेत, पण अमेरिकेत राज्य केवढंही असो, सिनेटर दोनच. एकूण सदस्य १००. म्हणून एका सिनेटरच्या 'हो' किंवा 'नाही'ला आपल्या कल्पनेपेक्षा बरंच जास्त वजन असतं, आणि २०२१-२२ मध्ये तर सभागृह ५०-५० असं दुभंगलेलं होतं. सगळ्या देशाचं लक्ष ॲरिझोनातल्या एका व्यक्तीकडे लागलं ते त्यामुळे.

त्यांची पार्श्वभूमी काय?

जन्म टूसॉनचा, बालपण हलाखीचं. समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण, मग कायदा, पुढे पीएचडी, तिन्ही ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत. राजकारणाची सुरुवात डावीकडून झाली: ग्रीन पार्टीचं काम, इराक युद्धाविरोधातली निदर्शनं. नंतर त्या डेमोक्रॅटिक पक्षात आल्या, राज्याच्या कायदेमंडळात बसल्या, २०१२ साली प्रतिनिधीगृहावर, म्हणजे अमेरिकी संसदेच्या दुसऱ्या सभागृहावर, निवडून गेल्या आणि तिथे पक्षाच्या मवाळ, मध्यममार्गी गटात स्थिरावल्या. २०१८मध्ये रिपब्लिकन मार्था मॅकसॅली यांना सुमारे ५६ हजार मतांनी हरवून त्या सिनेटर झाल्या. ॲरिझोनातून सिनेटवर गेलेल्या त्या पहिल्या महिला. डेमोक्रॅटिक पक्षाने तिथली सिनेटची जागा तीस वर्षांनी जिंकली होती, त्यामुळे कार्यकर्त्यांचा आनंद गगनात मावत नव्हता. पुढचा राग एवढा का होता, हे या आनंदाची कल्पना आल्याशिवाय समजत नाही.

मग बिनसलं कुठे?

एक दिवस सांगायचा तर ५ मार्च २०२१.

संघीय किमान वेतन २००९पासून तासाला ७.२५ डॉलरवर अडकलेलं आहे. ते १५ डॉलरवर नेण्याची दुरुस्ती व्हर्मांटचे सिनेटर बर्नी सँडर्स यांनी मांडली होती. ती पडणार हे दिसतच होतं. डेमोक्रॅटांच्या बाजूच्या आठ सदस्यांनी विरोधात मत दिलं आणि ४२ विरुद्ध ५८ असा निकाल लागला. त्या आठांतल्या सातांची नावं आज फारशी कुणाला आठवत नाहीत. सिनेमा मात्र लक्षात राहिल्या. त्या सभागृहाच्या पुढच्या भागात आल्या, कर्मचाऱ्यांचं लक्ष वेधलं आणि गुडघे किंचित वाकवून, उत्साहात अंगठा खाली केला. काही सेकंदांचं ते दृश्य दिवस संपायच्या आत देशभर फिरलं. किमान वेतनावर राबणाऱ्या माणसाने ते पाहिलं तेव्हा त्याला काय दिसलं असेल? धोरणावरचा मतभेद तर नक्कीच नाही. आपल्या पगाराला कुणीतरी हसतहसत नाही म्हणालं, एवढंच.

याच राज्यातले रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन यांनीही २०१७मध्ये आपल्याच पक्षाच्या आरोग्य विधेयकावर अंगठा खाली केला होता आणि सिनेमा त्यांना आदर्श मानत. पण मॅकेन यांचा अंगठा विमा जाण्यापासून लोकांना वाचवत होता. इथे तसं काही नव्हतं.

गंमत म्हणून नव्हे, पण नोंद म्हणून सांगायला हवं: माघारीची घोषणा बरोबर तीन वर्षांनी, त्याच तारखेला आली.

एका मतावरून लोक इतके उलटतात का?

नाही. माझं स्पष्ट मत असं की लोक त्यांच्या मतांपेक्षा त्यांच्या गप्प राहण्यावर जास्त चिडले. त्या पत्रकारांशी क्वचित बोलत. खुल्या जनसभा घेत नाहीत, भेटीची वेळ मिळत नाही, ही तक्रार त्यांच्यासाठी दारोदार फिरलेले कार्यकर्ते उघडपणे करू लागले. ऑक्टोबर २०२१मध्ये त्यांच्या सल्लागार मंडळातल्या पाच माजी सैनिकांनी राजीनामे दिले. त्याच महिन्यात त्या विद्यापीठात शिकवायला गेल्या असताना काही आंदोलक कॅमेरा चालू ठेवून त्यांच्यामागे स्वच्छतागृहापर्यंत गेले. तो प्रकार चुकीचाच होता, आंदोलनाच्या नावाखालीसुद्धा तो खपवून घेता येत नाही. पण त्या तरुण मुलांचं म्हणणं, की दुसरीकडे कुठे त्या आम्हाला भेटतच नाहीत, तेही कानाआड करण्यासारखं नव्हतं.

फिलिबस्टर हा शब्द सारखा येतो. तो काय प्रकार आहे?

सिनेटच्या नियमांनुसार चर्चा थांबवून विधेयक मताला टाकायचं तर बहुतेक बाबतीत १००पैकी ६० जणांची संमती लागते. म्हणजे ५१ मतं हाताशी असूनही विधेयक अडकून राहू शकतं. या अडवणुकीला फिलिबस्टर म्हणतात.

जानेवारी २०२२मध्ये डेमोक्रॅटांना मतदानाच्या हक्काचं संरक्षण करणारा कायदा आणायचा होता. रिपब्लिकन साथ नव्हती, म्हणून निदान या विधेयकापुरता नियम बदलावा असा प्रस्ताव होता. विधेयकाला सिनेमा यांचा पाठिंबा होता, नियमबदलाला नव्हता. १३ जानेवारीला अध्यक्ष बायडेन पक्षाच्या सिनेटरांची मनधरणी करायला कॅपिटॉलमध्ये, म्हणजे संसद भवनात, येणार होते. ते पोचण्याआधीच सिनेमा यांनी सभागृहात उभं राहून आपला नकार जाहीर केला. १९ जानेवारीला नियमबदल ४८ विरुद्ध ५२ असा फेटाळला गेला. त्या आणि वेस्ट व्हर्जिनियाचे जो मँचिन रिपब्लिकनांबरोबर गेले. तीनच दिवसांत ॲरिझोनाच्या डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांच्या निषेधाचा ठराव केला.

त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. आज आपल्या सोयीसाठी मोडलेला नियम उद्या विरोधकांच्या हातात पडतो, आणि मग दर निवडणुकीला कायदे उलटेपालटे होत राहतात. हे बोलायला हिंमत लागते. पण मतदानाचा हक्क हा ज्यांच्या घरातला, आजी-आजोबांपासूनचा लढा आहे, त्यांना 'नियम महत्त्वाचा' हे उत्तर देताना त्यांच्यासमोर बसावं लागतं, त्यांचं ऐकून घ्यावं लागतं. सिनेमा यांनी भाषण केलं आणि तिथेच थांबल्या.

पक्षाने त्यांचं तिकीट कापलं का?

तिथे तिकीट हायकमांड देत नाही. पक्षाचा उमेदवार मतदार ठरवतात, प्राथमिक निवडणुकीत. पक्षनेतृत्वाला आवडो न आवडो, प्राथमिक जिंकणारा उमेदवार होतो. सिनेमा यांची अडचण हीच होती: त्यांच्याविरुद्ध पक्षातूनच इराक युद्धात लढलेले माजी मरीन सैनिक आणि प्रतिनिधीगृहाचे सदस्य रुबेन गायेगो तयारीत होते, आणि डेमोक्रॅट मतदारांत सिनेमा यांना ते हरवतील असंच चित्र होतं. ९ डिसेंबर २०२२ रोजी सिनेमा यांनी पक्ष सोडून अपक्ष म्हणून नोंदणी केली, तेव्हा ती प्राथमिक निवडणूकच टळली. गायेगो यांनी पुढच्याच महिन्यात उमेदवारी जाहीर केली.

पक्ष सोडला तरी सदस्यत्व कसं टिकलं?

आपल्याकडे १९८५पासून दहावी अनुसूची आहे. पक्ष स्वेच्छेने सोडला तर सदस्यत्व जातं, आणि ते जातं की नाही यावर विधानसभाध्यक्षांपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत काय चालतं हे महाराष्ट्राने २०२२पासून जवळून पाहिलं आहे. अमेरिकेत असा कायदाच नाही. सिनेटर पक्ष बदलू शकतो, पक्षादेशाविरुद्ध मत देऊ शकतो, राजीनामा द्यावा लागत नाही. हिशोब थेट मतदार करतात, तोही पुढच्या निवडणुकीत. उमेदवारच मैदानात उतरला नाही तर मात्र तो हिशोब होत नाही. या सगळ्या प्रकरणात मला सर्वात जास्त खटकलेली गोष्ट हीच आहे.

त्यांनी कामच केलं नाही, असं म्हणता येईल का?

अजिबात नाही. उलट एका टर्ममध्ये एवढं पदरात पाडून घेतलेले सिनेटर कमीच असतील. २०२१च्या पायाभूत सुविधा कायद्याच्या वाटाघाटी त्यांनी ओहायोचे रिपब्लिकन रॉब पोर्टमन यांच्यासोबत केल्या आणि तो सिनेटमध्ये ६९ विरुद्ध ३० असा मंजूर झाला. टेक्ससमधल्या युवाल्डी इथल्या शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या, त्यानंतर जून २०२२मध्ये आलेला बंदुकांविषयीचा कायदा हा जवळपास तीस वर्षांतला पहिला महत्त्वाचा संघीय कायदा होता. त्यातही त्या आघाडीवर होत्या. समलिंगी विवाहाला कायद्याचं संरक्षण देणाऱ्या विधेयकासाठी रिपब्लिकन मतं जमवण्यातही त्यांचा वाटा होता, आणि हे काम त्यांच्या स्वतःच्या आयुष्याशीही जोडलेलं होतं: आपण उभयलिंगी आकर्षण असलेली व्यक्ती आहोत हे उघडपणे सांगणाऱ्या त्या पहिल्या सिनेटर.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ऑगस्ट २०२२च्या मोठ्या हवामान-आणि-आरोग्य कायद्यात गुंतवणूक फंडांच्या व्यवस्थापकांना मिळणारी एक करसवलत आवळण्याची तरतूद होती. ती काढल्याशिवाय मत देणार नाही, अशी अट सिनेमा यांनी घातली. तरतूद गेली. वित्तक्षेत्राकडून त्यांना भरघोस देणग्या मिळत होत्या, त्यामुळे लोकांनी काय अर्थ काढायचा तो काढला. या अटीचं समाधानकारक कारण ॲरिझोनाच्या सामान्य मतदाराला कधी मिळालंच नाही.

सीमा विधेयकाचा आणि या निर्णयाचा संबंध काय? आपल्या लोकांचं त्यात काही होतं का?

होतं, आणि बरंच होतं. ॲरिझोनाची दक्षिण सीमा मेक्सिकोला लागून आहे, त्यामुळे हा विषय त्यांच्या घरचाच. ओक्लाहोमाचे रिपब्लिकन जेम्स लँकफर्ड, कनेटिकटचे डेमोक्रॅट क्रिस मर्फी आणि सिनेमा असे तिघे काही महिने बसून एक मसुदा तयार करत होते. ४ फेब्रुवारी २०२४ला तो प्रसिद्ध झाला. आश्रयाचे नियम कडक, सीमेवर जास्त मनुष्यबळ, आणि गर्दी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तर प्रवेश तात्पुरता बंद करण्याचा अधिकार.

बातम्यांमध्ये याखाली दबलेला भाग असा: पाच वर्षं दरवर्षी ५० हजार जादा स्थलांतर व्हिसा, त्यातले १८ हजार नोकरीवर आधारित. एच-वन-बी व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदारांना काम करण्याची परवानगी. आणि त्यांच्या मुलांना एकवीस वर्षं पूर्ण झाली म्हणून ग्रीन कार्डाच्या रांगेतून बाहेर फेकलं जाऊ नये, अशी तरतूद. न्यू जर्सी, टेक्सस, कॅलिफोर्निया किंवा फीनिक्सच्या परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पुण्याहून अभियांत्रिकीची पदवी घेऊन आलेली पत्नी परवानगीअभावी वर्षानुवर्षं घरी बसते. दोन वर्षांची असताना आलेली मुलगी कॉलेजात असतानाच स्वतःच्या व्हिसाची शोधाशोध सुरू करते. अशा घरांसाठी तो मसुदा म्हणजे बऱ्याच वर्षांतली पहिली ठोस हालचाल होती.

डोनाल्ड ट्रम्प यांनी विरोध केला, रिपब्लिकन सिनेटर एकेक करून मागे सरले. ७ फेब्रुवारीला ६० मतांची गरज असताना ४९ विरुद्ध ५० असा प्रस्ताव पडला. महिनाभरातच सिनेमा यांनी आपला निर्णय सांगितला. दोन्ही पक्षांना बांधून ठेवणं हेच त्यांचं राजकारणातलं भांडवल होतं, आणि त्यांच्याच राज्याच्या सर्वात ज्वलंत प्रश्नावर ते चाललं नाही.

हातात पैसा होता म्हणतात. मग अपक्ष म्हणून लढल्या का नाहीत?

पैसा होता: २०२३च्या अखेरीस प्रचारखात्यात सुमारे १ कोटी ६ लाख डॉलर. मतं नव्हती.

ॲरिझोनात नोंदणीकृत मतदार साधारण तीन सारख्या भागांत वाटले गेले आहेत: रिपब्लिकन, डेमोक्रॅट आणि कोणत्याच पक्षात नसलेले. कागदावर हा अपक्षासाठी आदर्श मतदारसंघ वाटतो. प्रत्यक्षात पक्षात नोंद नसलेले लोक एकगठ्ठा मत देत नाहीत. त्यातले बरेच जण एका पक्षाकडे झुकलेले असतात, फक्त नोंदणी करत नाहीत. सप्टेंबर २०२२च्या एका जनमत चाचणीत डेमोक्रॅट, रिपब्लिकन आणि अपक्ष या तिन्ही गटांत सिनेमा यांच्याबद्दल नापसंती जास्त निघाली होती. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, अशी ही स्थिती. गायेगो आणि रिपब्लिकन केरी लेक यांच्यासोबतच्या तिरंगी चाचण्यांत त्या तिसऱ्या येत होत्या.

त्यात अर्जाची अट. अपक्षाला ४२ हजारांहून जास्त वैध सह्या एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत दाखल करायच्या होत्या. बाद होणाऱ्या सह्या धरल्या तर याहून बऱ्याच जास्त गोळा कराव्या लागतात. मार्च उजाडला तरी त्यासाठी माणसं रस्त्यावर दिसत नव्हती, तेव्हाच जाणकारांनी ओळखलं होतं.

पण जो लिबरमन अपक्ष म्हणून जिंकले होते ना?

हो, कनेटिकटमध्ये, २००६ साली. विद्यमान सिनेटर असूनही ते डेमोक्रॅटिक प्राथमिक हरले आणि नोव्हेंबरात अपक्ष म्हणून सुमारे ५० टक्के मतं घेऊन जिंकले. पण तिथे रिपब्लिकन उमेदवार इतका दुबळा होता की त्याला १० टक्क्यांच्या आसपास मतं पडली. उरलेले रिपब्लिकन मतदार लिबरमन यांच्याकडे वळले. केरी लेक कितीही वादग्रस्त असल्या तरी रिपब्लिकन मतदार त्यांना सोडून सिनेमा यांच्याकडे येणार नव्हते. आणि लिबरमनही २०१२ला पुन्हा उभे राहिले नाहीत.

या जागेचा इतिहासच असा आहे, हे खरं का?

खरं आहे, आणि फारसं सांगितलं जात नाही. या जागेवरचा विद्यमान सिनेटर मतपेटीतून हरला तो शेवटचा १९५२ साली. अर्नेस्ट मॅकफार्लंड तेव्हा सिनेटमधले बहुमताचे नेते होते. त्यांना बॅरी गोल्डवॉटर यांनी पाडलं. त्यानंतर कोणीच हरलेला नाही. गोल्डवॉटर यांनी १९६४ला अध्यक्षपदासाठी जागा सोडली. पॉल फॅनिन १९७६ला थांबले. डेनिस डीकन्सिनी १९९४ला थांबले. 'कीटिंग फाइव्ह' प्रकरणात, एका बुडीत बचत बँकेच्या मालकासाठी नियामकांवर दबाव आणल्याच्या ठपक्याने त्यांची प्रतिमा डागाळली होती. जॉन काइल २०१२ला निवृत्त झाले. ते मात्र आपल्या मर्जीने, मान राखून.

मग जेफ फ्लेक. रिपब्लिकन, पक्के परंपरावादी, पण ट्रम्प यांच्यावर उघड टीका करणारे. २४ ऑक्टोबर २०१७ला त्यांनी सिनेटमध्ये उभं राहून आपण पुन्हा लढणार नसल्याचं सांगितलं. पक्षाच्या मतदारांना हवा तसा प्रचार आपल्याला करता येणार नाही, ही त्यांची भूमिका होती. त्यांच्या रिकाम्या जागेवर सिनेमा आल्या. म्हणजे एकाच जागेवर लागोपाठ दोन सिनेटर, दोन वेगळ्या पक्षांचे, एकेका टर्मनंतर, स्वतःच्या मतदारांशी फारकत झाल्यामुळे, मतदान होण्याआधीच बाजूला झाले.

दोघांत मला फरक दिसतो. फ्लेक यांनी का जातोय ते सभागृहात सविस्तर सांगितलं, आपण हरणार हेही लपवलं नाही.

सिनेमा यांनी दिलेलं कारण पटण्यासारखं आहे का?

अर्धं. आपण सभ्यता, ऐकून घेणं आणि मिळून काम करणं निवडलं, पण देशाला आज ते नको आहे, लोक आपापल्या पक्षाच्या कोपऱ्यात जाऊन बसले आहेत, असा त्यांच्या निवेदनाचा रोख होता. सीमा विधेयकाची गत पाहिली तर हे खोटं म्हणता येत नाही.

पण नोव्हेंबर २०२४चा ॲरिझोनाचा निकाल बघा. ट्रम्प राज्यात सुमारे १ लाख ८७ हजार मतांनी जिंकले. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, सिनेटसाठी डेमोक्रॅट गायेगो सुमारे ८० हजार मतांनी जिंकले, ५०.१ विरुद्ध ४७.७ टक्के. हजारो माणसांनी वर एका पक्षाला आणि खाली दुसऱ्या पक्षाला मत दिलं. पक्षाच्या कोपऱ्यात बसलेले मतदार असं करत नाहीत. ॲरिझोनाला पक्षापलीकडे पाहता येत होतं. त्याला सिनेमा नको होत्या, आणि त्याचं कारण त्यांच्या निवेदनात कुठेच नाही.

निर्णय जाहीर झाल्यावर पद लगेच सुटतं का?

नाही. टर्म ३ जानेवारी २०२५पर्यंत होती आणि तोवर मताचा अधिकार पूर्ण होता. ११ डिसेंबर २०२४ला कामगार-मालक वाद हाताळणाऱ्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाच्या अध्यक्षा लॉरेन मॅकफेरन यांच्या फेरनियुक्तीवर मतदान झालं. सिनेमा आणि मँचिन विरोधात गेले आणि नियुक्ती ४९ विरुद्ध ५० अशी पडली. मंडळावरचा डेमोक्रॅटांचा प्रभाव आणखी काही काळ टिकवण्याची संधी त्यामुळे गेली. कामगार संघटनांनी २०१८मध्ये त्यांच्यासाठी केलेल्या मेहनतीची आठवण त्या दिवशी अनेकांनी काढली.

उरलेल्या प्रचारनिधीचं काय होतं?

तो खासगी खर्चासाठी वापरता येत नाही. देणगीदारांना परत करता येतो, धर्मादाय संस्थांना किंवा पक्षाला देता येतो, पुढच्या निवडणुकीसाठी राखूनही ठेवता येतो.

आता त्या काय करतात, आणि ती जागा?

मार्च २०२५मध्ये त्या होगन लव्हेल्स या मोठ्या विधी कंपनीत वरिष्ठ सल्लागार म्हणून रुजू झाल्या. जागेवर रुबेन गायेगो आहेत, ॲरिझोनातून सिनेटवर गेलेले पहिले लॅटिनो. त्यांची टर्म जानेवारी २०३१ला संपते, म्हणजे या जागेसाठी पुढचं मतदान नोव्हेंबर २०३०मध्ये होईल.